जिना तोच, ओझं बदललं: ‘हॅट्स ऑफ’पासून ‘द म्युझिक बॉक्स’पर्यंत

लॉस एंजेलिसच्या सिल्व्हर लेक भागात व्हेंडोम स्ट्रीटवरून टेकडीवर चढत जाणारा १३३ पायऱ्यांचा एक सार्वजनिक जिना आहे. १९२७ साली हॅल रोच स्टुडिओने या जिन्यावर लॉरेल आणि हार्डी यांना एक वॉशिंग मशीन घेऊन चढवलं. तो मूकपट होता, ‘हॅट्स ऑफ’. चार-साडेचार वर्षांनी तीच जोडी त्याच जिन्यावर परत आली. या वेळी ओझं होतं पियानोचं आणि चित्रपट बोलका होता. एप्रिल १९३२ मध्ये प्रदर्शित झालेला हा ‘द म्युझिक बॉक्स’. विनोदी लघुपटासाठीचं ऑस्कर त्या वर्षी पहिल्यांदाच दिलं गेलं आणि ते याच चित्रपटाला मिळालं. पुढे १९४५ मध्ये ‘हॅट्स ऑफ’चा दिग्दर्शक हॅल येट्स याने विनोदी नट एडगर केनेडीला घेऊन आरकेओ या चित्रपट कंपनीसाठी ‘इट्स युअर मूव्ह’ हा लघुपट केला. जिना तोच, ओझं पुन्हा वॉशिंग मशीन, आणि आता आवाजासह.

मूकपटाचा बोलपट होताना नेमकं काय घडतं, हे तपासायला याहून सोयीचं प्रकरण मला माहीत नाही. कल्पना एक, जागा एक. एकदा मूक, दोनदा बोलकी. दोनदा तीच वस्तू, एकदा वेगळी. बाकीचं बरंचसं स्थिर असल्यामुळे जे बदललं त्याचा परिणाम वेगळा काढता येतो. रिमेक करायचा म्हणजे पात्रांच्या तोंडी संवाद घालायचे, असा एक सरधोपट समज तेव्हा होता आणि आजही आहे. ‘द म्युझिक बॉक्स’ मोठा ठरला तो मात्र ओझ्याला बोलतं केल्यामुळे. हा माझा दावा आहे आणि पुढचं सगळं त्याच्याच तपासणीसाठी लिहिलं आहे.

मूकपटातला जिना

‘हॅट्स ऑफ’ आज पाहता येत नाही. त्याची एकही प्रत हाती नाही. नायट्रेटची फिल्म चटकन पेट घेणारी आणि आपोआप कुजत जाणारी, त्यात बोलपट आल्यावर मूकपटांच्या प्रतींना बाजार उरला नाही. त्या सांभाळण्यात पैसा घालायला स्टुडिओंना कारण दिसेना. या चित्रपटाची स्थिरचित्रं आणि लेखी वर्णनं उरली आहेत, त्यांवरून कथानक नीट कळतं.

लॉरेल आणि हार्डी वॉशिंग मशीनचे फिरते विक्रेते आहेत. कंपनीचा मालक म्हणून जेम्स फिनलेसन आहे. जिन्याच्या माथ्यावरून एक बाई (अनिता गार्विन) त्यांना बोलावते. गिऱ्हाईक मिळालं या आनंदात दोघं ते जड धूड घेऊन सगळा जिना चढतात. वर पोचल्यावर कळतं, तिला मशीन नकोच आहे, तिला आपलं पत्र पेटीत टाकून हवं आहे. पुढे दोघांच्या हॅटांची अदलाबदल होते, त्यावरून भांडण जुंपतं, येणारे-जाणारे त्यात ओढले जातात आणि अख्खा रस्ता एकमेकांच्या हॅटा उडवू लागतो. मशीनवरून रोड रोलर जातो. दोन रिळांचा, साधारण वीस मिनिटांचा मामला.

पत्राच्या विनोदाची घडण पाहण्यासारखी आहे. बाई वर आहे, हे दोघं खाली आहेत, मध्ये शंभराहून अधिक पायऱ्या आहेत. मूकपटात हे अंतर आपोआपच नि:शब्द असतं. खालून ‘काय काम आहे?’ असं ओरडून विचारता येईल, ही शंकाच प्रेक्षकाच्या मनात येत नाही, कारण त्या जगात कुणाचाच आवाज कुठे पोचत नाही. हातवारे दिसतात, त्यांचा अर्थ आपण आपल्या आशेप्रमाणे लावतो आणि चढू लागतो. हाच प्रसंग बोलपटात जसाच्या तसा ठेवला असता, तर पहिल्या पायरीवरच तो कोसळला असता. बाईला एक हाक मारता आली असती.

म्हणजे ‘हॅट्स ऑफ’चा मधला धागा मूकपणावरच उभा होता. आवाज आल्यावर तो बाद झाला. रिमेक करणाऱ्यांपुढे खरा प्रश्न हा होता, आणि तो त्यांनी ओळखला, हे १९३२ च्या चित्रपटात दिसतं.

जुन्या गोष्टी पुन्हा का काढल्या

लॉरेल-हार्डीचा पहिला बोलपट ‘अनॲकस्टम्ड ॲज वुई आर’ मे १९२९ मध्ये आला. त्यांचा शेवटचा मूकपट ‘अँगोरा लव्ह’ त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये. या सहा-सात महिन्यांत चित्रपटगृहं भराभर ध्वनियंत्रणा बसवत होती आणि स्टुडिओच्या कपाटातले मूकपट एकाएकी जुनाट ठरत होते. रोचला एमजीएम या वितरक कंपनीसाठी ठरलेल्या संख्येने लघुपट पुरवायचे होते. दुसरीकडे या जोडीने तीसेक मूकपटांत विनोदाचा मोठा साठा करून ठेवला होता, आणि तो थिएटरमध्ये लोकांच्या हशाने पारखला गेला होता. कोणता प्रसंग चालतो हे माहीत असलेलं कथानक पुन्हा वापरणं साहजिकच होतं. ‘लव्ह एम अँड वीप’ (१९२७) चा ‘चिकन्स कम होम’ (१९३१) झाला, ‘डक सूप’ (१९२७) चा ‘अनदर फाइन मेस’ (१९३०), ‘अँगोरा लव्ह’चा ‘लाफिंग ग्रेव्ही’ (१९३१).

आपल्याकडेही त्या वर्षांत हेच घडत होतं. दादासाहेब फाळके यांनी १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ मूक केला. त्याच राजाची गोष्ट घेऊन कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीने फेब्रुवारी १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ बोलका केला, व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली. माध्यम नवं असताना गोष्ट ओळखीची बरी, हा व्यवहार कोल्हापुरातही तोच आणि कॅलिफोर्नियातही तोच. प्रभातने तो चित्रपट मराठीबरोबर हिंदीतही केला. रोचच्या स्टुडिओतही लॉरेल आणि हार्डी काही लघुपट स्पॅनिश, फ्रेंच, जर्मन भाषांत पुन्हा चित्रित करत होते, ती भाषा येत नसताना, उच्चार पाठ करून. मूकपटाला फक्त पडद्यावरच्या मजकुराच्या पाट्या बदलल्या की पुरत असे. आवाजाबरोबर भाषेची भिंत उभी राहिली आणि तिच्या दोन्ही बाजूंना सगळे चाचपडत होते.

ही पार्श्वभूमी सांगितली कारण ‘द म्युझिक बॉक्स’मध्ये या भिंतीवर एक शांत तोडगा सापडतो. त्याचा पहिला अर्धा भाग जवळजवळ कोणत्याही भाषेच्या प्रेक्षकाला कळतो. आपल्याकडे या दोघांना जाड्या-रड्या म्हणून ओळखणाऱ्या कितीतरी मुलांना त्यातलं इंग्रजी समजत नव्हतं, आणि त्यांचं काही अडलं नाही.

पियानो

दिग्दर्शक जेम्स पॅरट, संवाद एच. एम. वॉकर यांचे. हेच वॉकर मूकपटांच्या काळात रोचच्या चित्रपटांतल्या पाट्या लिहीत. तीन रिळं, सुमारे २९ मिनिटं. एक बाई नवऱ्याच्या वाढदिवसासाठी आपोआप वाजणारा पियानो विकत घेते. तो घरी पोचवायचं काम लॉरेल आणि हार्डी यांच्या घोडागाडीकडे येतं. घोडीचं नाव सूझी. खाली भेटलेला पोस्टमन (चार्ली हॉल) बोट दाखवतो: घर जिन्याच्या माथ्यावर.

मग सुरू होतं ते या जोडीचं मला वाटतं सर्वांत शुद्ध काम. पियानो लाकडी पेटाऱ्यात बंद आहे. जिन्यावर असेपर्यंत प्रेक्षकाला पियानो दिसतच नाही. दिसतो तो एक मोठा, चौकोनी, निर्विकार खोका. पेटारा हलला, आपटला, घरंगळला की आतून तारांचा गोंगाट उठतो. एखाद्या पायरीवर टेकला की बारीक झणकार. निसटून खाली धावत सुटला की प्रत्येक पायरीला एक बेसूर आघात, आणि रस्त्यावर पोचल्यावर थोडा वेळ गुणगुणणारा शेवट.

मूकपटात अशी वस्तू दाखवायची तर तिची ओळख डोळ्यांनी पटवून द्यावी लागते. पेटाऱ्यात काय आहे ते दिसलं नाही, तर तो नुसता पेटारा. आवाजाने ही अट रद्द केली. वस्तू डोळ्यांआड ठेवूनही ती पूर्णपणे हजर ठेवता आली. आणि ती नुसती हजर नाही, ती तक्रार करते आहे. या दोघांच्या खांद्यांवर तिसरं पात्र आहे, त्याला चेहरा नाही पण गळा आहे. जिन्यावरच्या या भागात पार्श्वसंगीताची गर्दी नाही. प्रामुख्याने ऐकू येतात ती माणसांची धापा टाकणं, दोनचार शब्द आणि पियानो. हा संयम फार महत्त्वाचा आहे. मागे वाद्यवृंद लावला असता, तर पियानोचा आवाज त्यात बुडाला असता आणि सगळं ओझंच नाहीसं झालं असतं.

वजनाचंही तसंच. पडद्यावरच्या वस्तूला वजन नसतं. मूकपटात ते नटाच्या अंगातून दाखवावं लागतं: वाकलेली पाठ, थरथरणारे गुडघे. हार्डी या कामात तरबेज होताच. पण बोलपटात वजनाला स्वतंत्र साक्षीदार मिळाला. आवाज जड असला की वस्तू जड. नटाला अभिनय कमी करता आला. ‘द म्युझिक बॉक्स’मध्ये हार्डीचं अंग पाहा, मूकपटांच्या मानाने त्याचे हातवारे आवरलेले आहेत. त्याच्यावर पियानो पडतो तेव्हा किंचाळण्यापेक्षा त्याची ती सुप्रसिद्ध नजर, थेट कॅमेऱ्याकडे, जास्त काम करते. आघात कानांनी ऐकून झालेला असतो, मग चेहऱ्याला फक्त त्याचा हिशेब मांडायचा उरतो.

वॉशिंग मशीनच्या जागी पियानो आणण्याचा निर्णय नेमका कोणाचा, यापेक्षा तो कशामुळे बरोबर ठरला हे मला जास्त मोलाचं वाटतं. या जोडीच्या चित्रपटांत विनोदरचनेची सूत्रं बहुतांशी स्टॅन लॉरेलच्या हातात असत, हे सर्वश्रुत आहे, आणि आपल्या लघुपटांत हा त्याचा सर्वांत आवडता होता, असंही तो सांगत असे. वस्तू निवडतानाच ध्वनी निवडला गेला. एकदा ते झालं की चित्रपटात आवाज ‘घालावा’ लागला नाही.

हाकेच्या अंतराचा जिना

आता त्या बाद झालेल्या धाग्याचं काय केलं ते पाहा. ‘हॅट्स ऑफ’मध्ये जिन्याचं अंतर नि:शब्द होतं म्हणून गैरसमज झाला. ‘द म्युझिक बॉक्स’मध्ये अंतर ओलांडून आवाज पोचतो, आणि म्हणूनच खेपा वाढतात.

अर्ध्या वाटेवर बाबागाडी घेऊन एक आया खाली येते. तिला वाट देताना पियानो सुटतो आणि खाली जातो. ती हसते. लॉरेल तिला मागून लाथ मारतो, ती उलटून मारते, हार्डीच्या डोक्यावर दुधाची बाटली फुटते. ती जाऊन पोलिसाकडे तक्रार करते. पोलीस खालून बोलावतो. लॉरेल पायऱ्या उतरून जातो, तर पोलिसाला हवा असतो दुसरा. लॉरेल तिथूनच वर हाक देतो. हार्डी उतरू लागतो, आणि त्याच्या मागोमाग पियानोही.

हा प्रसंग मूकपटात करता आला असता, पण पाट्यांनी तो तुटक झाला असता. इथे हाक ऐकू येते, तिच्यातला हुकूम ऐकू येतो, आणि ती हाक आहे म्हणून वरचा माणूस खाली येतो. १९२७ मध्ये जिना माणसांना एकमेकांपासून तोडत होता, १९३२ मध्ये तो त्यांना आवाजाने बांधून ठेवतो. त्याच पायऱ्यांचं काम उलटं केलं गेलं. रिमेक म्हणजे काय याचं याहून चांगलं उदाहरण सांगणं मला कठीण जाईल.

हेतूही बदलला. विक्रेते आशेने चढत होते. गाडीवाले कर्तव्याने चढतात. आशेच्या पोटी केलेली मेहनत फुकट गेली तर आपण हसतो आणि पुढे जातो. दिलेलं काम पुरं करायचंच, या साध्या सचोटीपोटी माणूस पुन्हा पुन्हा चढतो तेव्हा हसू तसंच राहतं, पण त्याखाली माया साठत जाते. हमाली करणाऱ्या माणसाकडे या चित्रपटाइतक्या आदराने पाहणारे विनोदपट थोडे आहेत.

शेवटी पियानो माथ्यावर पोचतो. तिथे पोस्टमन पुन्हा भेटतो आणि सांगतो की एवढं करायची गरज नव्हती, गाडीचा रस्ता मागच्या बाजूने थेट घरापर्यंत येतो. एक वाक्य, सहज, कसलाही जोर न देता. सगळ्या चित्रपटातला सर्वांत मोठा घाव हाच, आणि तो शब्दांचा आहे. त्यानंतर हे दोघं जे करतात ते तर्काला धरून आहे: पियानो जिन्यावरून खाली नेतात, गाडीत चढवतात आणि रस्त्याने वर आणतात. संवादाचा वापर असा काटकसरीने केला की एका वाक्याला किती वजन येतं, हे इथे कळतं.

हॅट उरली ती एकच

मूळ नावात हॅट होती आणि शेवट हॅटांच्या दंगलीचा होता. रिमेकमध्ये ती दंगल पूर्ण गाळली. कारण शोधायचं तर त्या दोन वर्षांतल्या त्यांच्या कामाकडे पाहावं लागतं. १९२७-२८ मध्ये लिओ मॅकॅरी यांच्या देखरेखीखाली या जोडीने एक साचा तयार केला होता: दोघांचं भांडण, मग तिसरा, मग चौथा, मग सगळी गल्ली. ‘द बॅटल ऑफ द सेंच्युरी’त क्रीमच्या ‘पाय’ची (केकसारख्या पदार्थाची) फेकाफेक, ‘यू आर डार्न टूटिन’मध्ये पँट फाडणं, ‘टू टार्स’मध्ये मोटारींचा चक्काचूर. मूकपटाला हा साचा मानवत होता. गर्दी डोळ्यांना सुखावते आणि गप्प असते.

गर्दीला आवाज आला की ती कलकलाट होते. शंभर माणसं एकमेकांच्या हॅटा उडवताना ओरडू लागली, तर कोणत्याच माणसाचं दु:ख ऐकू येणार नाही. १९३२ पर्यंत या जोडीचा विनोद दोन माणसं आणि एक हट्टी वस्तू यांच्यावर येऊन थांबला होता. तरीही ‘द म्युझिक बॉक्स’मध्ये जिन्यावर एक प्रोफेसर (बिली गिल्बर्ट) भेटतो, पदव्यांची लांबलचक माळ लावलेलं आपलं नाव जर्मन हेलात धडाधडा म्हणून दाखवतो आणि वाट सोडा म्हणतो. लॉरेल त्याची उंच हॅट उडवतो. ती पायऱ्यांवरून घरंगळत रस्त्यावर जाते आणि गाडीखाली चिरडते. मला ही सरळसरळ ‘हॅट्स ऑफ’ची खूण वाटते: सगळ्या रस्त्याच्या हॅटांऐवजी एक हॅट, आणि रोड रोलरखालच्या मशीनऐवजी तीच चिरडलेली.

घरातला भाग

पियानो घरात आल्यावरचा भाग मला जिन्याइतका भावत नाही. कप्पी-दोर, खिडकी, पाण्याचा लोंढा, मोडतोड हे सगळं नीट केलेलं आहे, पण ते या जोडीच्या इतर चित्रपटांतही भेटतं. दोन गोष्टी मात्र फक्त बोलपटालाच शक्य होत्या. पियानो सुरू झाल्यावर देशभक्तीच्या गाण्यांची माळ वाजते आणि पसारा आवरता आवरता दोघं हलकेच नाचू लागतात. इतका वेळ ज्या वस्तूने बेसूर छळ केला, ती पहिल्यांदाच सुरात येते आणि त्यांना नाचवते. पहिल्या अर्ध्या भागातला सगळा गोंगाट या क्षणासाठी जमा केला होता, असं वाटतं.

मग घरमालक परत येतो. तो तोच प्रोफेसर. पियानोचा त्याला संताप आहे. तो कुऱ्हाड घेऊन पियानो फोडू लागतो, आणि तुटता तुटता पियानो ‘द स्टार-स्पँगल्ड बॅनर’ वाजवू लागतो. तिघंही ताठ उभे राहून सलाम करतात. गाणं थांबतं, कुऱ्हाड पुन्हा चालू होते. हे गीत अमेरिकेचं अधिकृत राष्ट्रगीत झालं मार्च १९३१ मध्ये, म्हणजे त्या प्रेक्षकांसाठी हा शिष्टाचार कायद्याने नुकताच पक्का झालेला होता. आवाज बंद करून हा प्रसंग पाहिला तर तीन माणसं अचानक वेड्यासारखी थबकलेली दिसतात, बाकी काहीच कळत नाही.

बर्फ: जिथे आवाजाची गरज पडली नाही

जिन्यावर ओझं चढवण्याची कल्पना केवळ रोचच्या स्टुडिओची नव्हती. निर्माता मॅक सेनेटच्या ‘आइस कोल्ड कोकोज’ (१९२६) या मूकपटात बिली बेव्हन बर्फाची लादी घेऊन जिना चढतो. दिग्दर्शक डेल लॉर्ड. पंधरा वर्षांनी, १९४१ मध्ये, त्याच डेल लॉर्डने कोलंबिया स्टुडिओसाठी थ्री स्टूजेस या त्रिकुटाला घेऊन ‘ॲन एक इन एव्हरी स्टेक’ केला. पुन्हा जिना, पुन्हा बर्फ. भली मोठी लादी वर पोचेपर्यंत वितळून हातात मावेल एवढा तुकडा उरतो.

दिग्दर्शक एक, विनोद एक, मध्ये आवाजाचं आगमन, आणि विनोदात फरक जवळजवळ शून्य. कारण बर्फ कमी होताना आवाज होत नाही. ते पाहायचंच असतं. हा विनोद मूकपटातून बोलपटात सहीसलामत आला, पण त्याला त्यातून काही नवं मिळालंही नाही. स्टूजेसच्या थपडांचे आणि टोल्यांचे आवाज भरपूर आहेत, पण ते माणसांचे आहेत, बर्फाचे नाहीत. पियानोच्या शेजारी बर्फ ठेवून पाहिला की मूळ मुद्दा स्वच्छ दिसतो: वस्तूकडे सांगण्यासारखं काही असेल तरच आवाजाने तिचं भलं होतं.

‘लाफिंग ग्रेव्ही’तही याच जातीचा एक लहान बदल आहे. ‘अँगोरा लव्ह’मध्ये लॉजच्या खोलीत बकरी लपवलेली असते, बोलपटात तिच्याजागी कुत्र्याचं पिल्लू आलं. घरमालकापासून लपवायच्या प्राण्याने भुंकावं, आणि ते प्रेक्षकालाही ऐकू यावं, म्हणजे दोघांच्या चेहऱ्यावरच्या भीतीला आणखी कसल्या खुलाशाची गरज उरत नाही.

उलट बाजू: ‘अनदर फाइन मेस’

दावा तपासायचा तर त्याविरुद्धचं उदाहरणही मांडलं पाहिजे. ‘डक सूप’ हा स्टॅनचे वडील आर्थर जेफरसन यांच्या एका रंगमंचीय प्रहसनावरून केलेला मूकपट. तो हरवलेला समजला जाई आणि १९७० च्या दशकात पुन्हा सापडला, त्यामुळे इथे दोन्ही रूपं शेजारी ठेवता येतात. दोन भटके पळता पळता एका रिकाम्या बंगल्यात शिरतात आणि भाड्याने घर पाहायला आलेल्या जोडप्यापुढे मालक आणि नोकर बनतात. १९३० च्या बोलक्या रूपाचा दिग्दर्शकही जेम्स पॅरटच. सुरुवातीची श्रेयनामावली पाटीवर दाखवण्याऐवजी दोन मुली एका सुरात म्हणून दाखवतात. स्टुडिओला आवाजाचं किती अप्रूप होतं, ते तिथेच दिसतं.

या चित्रपटात आवाज म्हणजे बोलणं. नोकराणीच्या वेषातला लॉरेल आणि घर पाहायला आलेल्या बाईच्या भूमिकेतली थेल्मा टॉड यांच्या गप्पा खरोखर गोड आहेत आणि मूकपटात त्या शक्यच नव्हत्या. ही कमाई मी मान्य करतो. पण त्या दोघांच्या बाहेर चित्रपट अडखळतो. खोलीत माणसं उभी राहतात, बोलतात, दुसऱ्या खोलीत जाऊन पुन्हा बोलतात. दोन रिळांची गोष्ट तीन रिळांची झाली आणि वाढलेला भाग बहुतेक शब्दांनी भरला. शेवटचा पाठलाग तर मूकपटातून उचलून आणल्यासारखा वेगळा पडतो. पॅरटनेच दीड वर्षाने ‘द म्युझिक बॉक्स’ केला. म्हणजे फरक दिग्दर्शकाच्या कुवतीचा नाही. पहिल्या वेळी आवाज माणसांना वाटला गेला, दुसऱ्या वेळी वस्तूला.

१९४५

आणि मग ‘इट्स युअर मूव्ह’. हॅल येट्सकडे सगळं होतं: स्वत:चीच जुनी कल्पना, तोच जिना, ध्वनीचं तोवर पक्कं झालेलं तंत्र, आणि एडगर केनेडीसारखा नट, जो रोचच्या स्टुडिओतच घडला होता आणि ज्याचा हळूहळू चढणारा राग लोकांना तोंडपाठ होता. पण ओझं परत वॉशिंग मशीन झालं. १९२७ ची वस्तू १९४५ च्या ध्वनीत आली आणि मुकीच राहिली. ती जड आहे हे केनेडी सांगतो, ती स्वत: सांगत नाही. आज हा लघुपट आठवला जातो तो मुख्यत: ‘हॅट्स ऑफ’शी असलेल्या नात्यामुळे. ‘द म्युझिक बॉक्स’ला १९९७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत स्थान मिळालं, आणि व्हेंडोम स्ट्रीटवरच्या त्या पायऱ्यांवर त्याच्या नावाची पाटी बसवलेली आहे.

माझ्या मांडणीतला एक दुवा ‘हॅट्स ऑफ’ सापडला तर बदलू शकतो. मॅकॅरी आणि ही जोडी मूकपटांच्या काळातच विनोदाची गती मुद्दाम संथ करत होते. म्हणूनच आवाज आल्यावर त्यांची इतर अनेकांसारखी फरफट झाली नाही. १९२७ च्या त्या जिन्यावरही ते १९३२ इतकेच सावकाश चढले असतील, तर हार्डीच्या आवरलेल्या अंगाचं श्रेय मी पियानोला जास्त दिलं, असं ठरेल. अशा शोधाची आशा निराधार नाही. ‘द बॅटल ऑफ द सेंच्युरी’चं दुसरं रीळ कित्येक दशकं गहाळ होतं, आणि २०१५ मध्ये ते सापडल्याचं जाहीर झालं. ‘हॅट्स ऑफ’ची दोन रिळं मिळाली, तर मी आधी हॅटांची दंगल पाहणार नाही. गार्विन वरून बोलावते तिथपासून पत्र हातात पडेपर्यंतचा भाग घड्याळ लावून पाहीन.